सार्वजनिक धूम्रपानबंदी आणि नवजात बालकाचे आरोग्य

कायदा म्हटला की त्यात कोणाला मनाई केली आहे याचीच चर्चा अधिक होते. त्या मनाईमुळे कोणाचे रक्षण होते हे मागे पडते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याचेही तसेच झाले आहे. एस.टी. स्थानक, तहसील कचेरी, पंचायत समिती, दवाखाना, शाळा अशा ठिकाणी या मनाईचे फलक आपण पाहतो. विडी-सिगारेट ओढताना आढळल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु या कायद्याचा लाभ ज्यांच्या पदरात सर्वांत आधी पडतो त्यांना तो फलक वाचताही येत नाही, कारण ती बालके अद्याप आईच्या उदरात असतात.

तंबाखूमुळे होणारा कर्करोग जडण्यास वर्षानुवर्षे लागतात, म्हणून धूम्रपान कमी झाल्याचा त्यावरील परिणामही उशिरा दिसतो. गर्भारपण मात्र नऊ महिन्यांचे असते. आईच्या श्वासातील हवा आज शुद्ध झाली, तर त्याचा परिणाम त्याच वर्षी पाळण्यात दिसू शकतो. बीडसारख्या जिल्ह्यात या कायद्यापासून नवजात बालकांना काय मिळू शकते, आणि जे कायद्याने मिळू शकत नाही ते गावाने कसे मिळवून द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची वाटचाल

आपल्या देशात या विषयाची सुरुवात राज्यांनी केली. गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान व थुंकणे यांना प्रतिबंध करणारा कायदा केला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदेशीर ठरविले. त्यानंतर मुंबईचे माजी महापौर श्री. मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचे आदेश दिले. जो स्वतः धूम्रपान करीत नाही, त्याला दुसऱ्याच्या धुराने आपले आयुष्य गमावावे लागू नये, ही त्या निर्णयामागची भूमिका होती.

संसदेने २००३ मध्ये सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा अधिनियम संमत केला. त्याचे कलम ४ सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानासंबंधी असून ते १ मे २००४ पासून अमलात आले. त्याखालील सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, लागू झाले. या नियमांनी कामाच्या ठिकाणांचाही समावेश केला आणि जबाबदारी केवळ ओढणाऱ्यावर न ठेवता त्या जागेच्या प्रमुखावरही टाकली. प्रवेशद्वारी ठरावीक आकाराचा फलक लावणे, तक्रार कोणाकडे करावयाची त्या व्यक्तीचे नाव त्यावर लिहिणे आणि राखदाणी, काडेपेटी यांसारखी साधने तेथे न ठेवणे ही त्याची कर्तव्ये होत. शिक्षणसंस्थेत दंड करण्याचा अधिकार मुख्याध्यापक वा प्राचार्य यांना दिलेला आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ६ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करणे हा गुन्हा आहे.

गर्भावर धुराचा परिणाम

गर्भातील बालकाला प्राणवायू व पोषण मिळते ते आईच्या रक्तातून, वारेच्या मार्गाने. विडी-सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनचे काम प्राणवायू वाहून नेण्याचे. परंतु हा विषारी वायू प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो व प्राणवायूची जागा अडवितो. धुरातील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. परिणामी बालकाची वाढ खुंटते, प्रसूती मुदतीपूर्वी होण्याची शक्यता वाढते आणि काही वेळा बालक उपजत मृत निघते.

आई स्वतः ओढत नसली, तरी तिच्या शेजारी बसून दुसरा ओढत असेल तर त्या धुराचा वाटा तिच्याही फुप्फुसात जातो. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहता, अशा धुरात वावरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी ३० ते ४० ग्रॅमने कमी भरते असे आढळले आहे. आकडा लहान वाटेल. पण जी माता आधीच रक्तक्षयाने व कष्टाने थकलेली आहे, तिच्या बालकाला ही घटही परवडणारी नसते. जन्मानंतरही हा धोका संपत नाही. धुराच्या खोलीत वाढणाऱ्या तान्ह्या बालकांना श्वसनमार्गाचे विकार अधिक होतात, आणि झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोकाही वाढतो.

अन्य देशांचा अनुभव

धूम्रपानबंदीने नवजात बालकांचे आरोग्य खरोखर सुधारते काय, याची मोजणी प्रथम अशा देशांत झाली जेथे प्रत्येक जन्माची सविस्तर नोंद ठेवली जाते. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये सर्व बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी लागू झाली. तेथील सुमारे सात लाख जन्मांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार मुदतपूर्व प्रसूतींचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांहून अधिक घटले. ही घट कायदा लागू होण्याच्या सुमारे तीन महिने आधीपासून सुरू झाली होती, म्हणजे कायदा येणार हे कळताच लोकांनी आपल्या सवयी बदलण्यास प्रारंभ केला होता. धूम्रपान करणाऱ्या आणि कधीही न केलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या मातांमध्ये ही घट दिसली, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

बेल्जियममध्ये बंदी टप्प्याटप्प्याने आली. प्रथम २००६ मध्ये कामाची ठिकाणे, २००७ मध्ये उपाहारगृहे आणि २०१० मध्ये खाद्यपदार्थ देणारी मद्यगृहे बंदीखाली आली. तेथे २००७ व २०१० या दोन्ही टप्प्यांनंतर मुदतपूर्व जन्मांत घट नोंदली गेली. युरोप व उत्तर अमेरिकेतील पंचवीस लाखांहून अधिक जन्मांचा अंतर्भाव असलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये घेण्यात आला. त्यात मुदतपूर्व जन्म आणि बालकांना दम्यामुळे रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रसंग हे दोन्ही सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कमी वजनाच्या जन्मांबाबत मात्र त्या आढाव्यात तितकी स्पष्ट घट आढळली नाही. तेव्हा बंदी हा सर्व दुखण्यांवरील उतारा नव्हे. परंतु औषध, यंत्र वा इमारत यांवर फारसा खर्च न करता इतका लाभ देणारे उपाय आरोग्यक्षेत्रात थोडेच आहेत.

बीड जिल्ह्याला हे कितपत लागू?

येथे एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावयास हवा. स्कॉटलंडमध्ये गर्भवती स्त्रियांपैकी पुष्कळ जणी स्वतः सिगारेट ओढत असत. बंदीनंतर त्यांपैकी अनेकींनी ती सोडली. महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ मधील जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यातील १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी केवळ १.४ टक्के स्त्रिया धूम्रपान करीत होत्या. मात्र धूर न काढता तंबाखूचे सेवन करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्के होते. पुरुषांमध्येही ओढण्यापेक्षा खाण्याचेच प्रमाण कितीतरी अधिक आढळले.

याचा अर्थ, मराठवाड्यातील गर्भवतीपर्यंत तंबाखू दोन वाटांनी पोहोचते. एक वाट दुसऱ्याच्या विडीच्या धुराची. ती घरात, काळीपिवळी जीपमध्ये, चहाच्या टपरीवर आणि कामाच्या जागी उघडी असते. दुसरी वाट मिश्रीची. ती तिच्याच हाताने तिच्या तोंडात जाते. सार्वजनिक धूम्रपानबंदी पहिल्या वाटेवर, तीही काही अंतरापर्यंतच, पहारा ठेवते. दुसऱ्या वाटेवर या बंदीचा पहारा नाही.

मिश्री : न दिसणारा धोका

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून व कुटून केलेली पूड म्हणजे मिश्री किंवा मशेरी. ती दातांना व हिरड्यांना लावली जाते. दात स्वच्छ होतात, दाढदुखी थांबते, पोट साफ होते, अशी कारणे सांगितली जातात. प्रारंभ सकाळी एकदा लावण्याने होतो. पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. निकोटीनमुळे भूक व थकवा काही काळ जाणवत नाही, म्हणून कष्टकरी स्त्रीला मिश्री हा आधार वाटू लागतो. ज्या काळात तिने दोन घास अधिक खावयाचे, त्याच काळात तिची भूक मारली जाते.

मिश्री लावण्याने धूर होत नाही, म्हणून बाळाला अपाय नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. हिरड्यांतून निकोटीन रक्तात मिसळते आणि वारेपर्यंत जाते. या संदर्भात मुंबईत झालेला एक अभ्यास महाराष्ट्रातील प्रत्येक आरोग्य कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. १,२१७ गर्भवतींची माहिती घेऊन व त्यांच्या प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करून केलेला हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू, मुख्यत्वे मिश्री, वापरीत होत्या. त्यांच्या बालकांचे जन्मवजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि गर्भकाळ सरासरी सहा दिवसांनी घटला. याच मातांच्या पुढील विश्लेषणात उपजत मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला.

एकशे पाच ग्रॅमचा अर्थ व्यवहारात असा : जे बालक २,६०० ग्रॅम वजनाचे जन्मले असते, ते २,४९५ ग्रॅमवर येते. २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बालक वैद्यकशास्त्र जोखमीचे मानते. त्याला थंडी लवकर बाधते, दूध ओढण्यास कष्ट पडतात व जंतुसंसर्ग लवकर होतो.

तंबाखू घातलेले दंतमंजन तयार करून विकण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्येच मनाई केली आहे. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण साधी तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री अशा बंदीच्या हाती लागत नाही. जे मंजन कारखानदाराला विकता येत नाही, तेच घरोघरी चुलीवर तयार होते. तेथे निरीक्षकाचा उपयोग नाही; समजुतीचाच उपयोग आहे.

ऊसतोडीचा हंगाम

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून आणि जिल्ह्याच्या इतर कोरडवाहू भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, फेडावयाची असते. काम चुकले की खाडा धरला जातो. त्यामुळे दिवस भरत आलेली स्त्रीही फडात मोळ्या बांधताना व वाहताना दिसते.

कारखान्याच्या परिसरातील कोपी ही एकाच दाराची, खिडकी नसलेली, बसक्या छपराची असते. चुलीचा धूर व विडीचा धूर तेथे एकत्र कोंडतो, आणि गर्भवती व तान्हे मूल दोघेही त्याच धुरात झोपतात. पहाटे फडावर जाण्यापूर्वी मिश्री, दुपारी भूक मारण्यासाठी मिश्री, असा क्रम सुरू होतो. कायद्याच्या व्याख्येतील सार्वजनिक जागा ही नव्हे, म्हणून येथे फलक नाही व दंडही नाही. गावच्या आशाताई व अंगणवाडी सेविका शेकडो किलोमीटर मागे राहिलेल्या असतात. ज्या महिन्यांत गर्भाला सर्वाधिक संरक्षण हवे, नेमक्या त्याच महिन्यांत ते सुटते.

दाराबाहेरचा नियम दाराच्या आत

अशा स्थितीत सार्वजनिक बंदीचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच देशातील एका पाहणीत मिळते. २००९-१० मधील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे असे दिसून आले की, ज्यांच्या कामाच्या ठिकाणी कोणी धूम्रपान करीत नाही, त्यांच्या घरातही धूम्रपान नसण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते. बाहेर ओढता येत नाही म्हणून मनुष्य घरी येऊन अधिक ओढील, ही भीती या पाहणीने खरी ठरविली नाही. चारचौघांत जे अनुचित ठरते, ते हळूहळू घरातही अनुचित वाटू लागते. बंदीचे खरे सामर्थ्य दंडाच्या रकमेत नसून या बदलत्या लोकरीतीत आहे.

म्हणूनच ग्रामपंचायत कार्यालयात सरपंच व ग्रामसेवक यांच्यासमोर विडी पेटविली जात असेल, तर हानी त्या खोलीपुरती राहत नाही. गावाने तो नियम गांभीर्याने घ्यावयाचा नाही, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. उलट तेथे नियम पाळला गेला तर त्याचे वळण घराघरांत पोहोचते.

गावपातळीवर करावयाची कामे

पहिले काम जो कायदा आहे त्याच्या चोख अंमलबजावणीचे. ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि प्रवासी वाहने या ठिकाणी नियम कसोशीने पाळला जावा. फलकावर तक्रार स्वीकारणाऱ्याचे नाव नुसते लिहून न ठेवता त्याने ते काम प्रत्यक्ष करावे. गर्भवतींची तपासणी व लसीकरण ज्या दिवशी असते, त्या दिवशी इमारतीच्या आवारातही कोणी ओढणार नाही याची दक्षता घ्यावी.

दुसरे काम ग्रामसभेचे. ज्या घरात गर्भवती किंवा वर्षाच्या आतील मूल आहे, त्या घरात व अंगणात कोणी विडी ओढणार नाही, असा ठराव ग्रामसभेला संमत करता येईल. त्याला दंडाचे बळ नसले तरी गावाच्या शब्दाचे बळ असते. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून शासन, 'सर्च' संस्था व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने चाललेला 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखू कमी करण्याचा उपक्रम गावाच्या अशाच सामूहिक निर्णयावर भर देतो.

तिसरे काम मिश्रीविषयी विचारण्याचे. गर्भवतीची पहिली नोंदणी करताना परिचारिका व आशा यांनी वजन व रक्तदाब यांच्याबरोबरच 'मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?' हे अवश्य विचारावे. विचारताना दोष देण्याचा सूर नसावा, अन्यथा खरे उत्तर मिळणार नाही. सासूबाई स्वतः मिश्री लावीत असतील, तर सुनेला एकटीला सोडणे कठीण जाते. म्हणून दोघींशी एकत्र बोलावे. तंबाखूविरहित मंजन, दाढदुखीवर दंतवैद्याचा उपचार, पोट साफ होण्यासाठी भरपूर पाणी, पालेभाज्या व गरज पडल्यास वैद्यकीय सल्ला, हे पर्यायही त्याच वेळी सांगावेत. सवय सोडण्यास साहाय्य हवे असल्यास १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा निःशुल्क आहे. तंबाखू जितकी लवकर सुटेल तितका लाभ अधिक, हे तर खरेच. पण उशिरा सोडणेही व्यर्थ जात नाही.

चौथे काम शिक्षकांचे. शाळेपासून शंभर यार्डांतील टपऱ्यांकडे लक्ष देणे हे त्यांचे कर्तव्य आहेच. त्याखेरीज घरच्या मोठ्यांसाठी तंबाखूची पुडी आणावयास मुलांना पाठवू नये, हे पालकसभेत स्पष्टपणे सांगावे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे, मग ती कोणासाठी का नेली जात असेना. आज वर्गात बसलेल्या मुली उद्याच्या माता आहेत. मिश्रीचे पहिले बोट त्यांच्या दाताला लागण्यापूर्वीच त्यांना ही माहिती मिळाली पाहिजे.

पाचवे आणि बीड जिल्ह्यासाठी निकडीचे काम स्थलांतरापूर्वीचे. टोळ्या निघण्याआधी गावातून कोणत्या गर्भवती जाणार, कोणत्या कारखान्याकडे जाणार व प्रसूतीची तारीख कोणती, याची यादी तयार व्हावी. माता व बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीबरोबर जावे आणि यादी तेथील आरोग्य यंत्रणेला कळविली जावी. निघण्यापूर्वीच पती व मुकादम यांना कोपीत विडी न ओढण्याविषयी समज द्यावी. चूल शक्य तेथे कोपीबाहेर मांडावी. प्रसूतीनंतर परतलेल्या मातेच्या घरी आशाताई जेव्हा नवजात बालकाच्या गृहभेटीसाठी जातात, तेव्हा वजन व स्तनपान यांबरोबर घरातील धुराचीही चौकशी व्हावी.

समारोप

बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे कमी वजनाच्या बालकांसाठी डॉक्टर व परिचारिका अहोरात्र झटत असतात. परंतु बालक तेथपर्यंत पोहोचते तेव्हा हानी बहुतांशी होऊन गेलेली असते. ती टाळण्याचे काम त्याआधीच्या नऊ महिन्यांत, घरात, शाळेत, चावडीवर व कोपीत करावयाचे आहे. कायद्याने सार्वजनिक जागेच्या दारापर्यंतची जबाबदारी घेतली आहे. दाराच्या आतील विडी विझविणे व तव्यावरची मिश्री थांबविणे हे काम सरपंच, शिक्षक, परिचारिका, आशा आणि प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी अंगावर घेतले, तर त्याचे फळ पाहण्यास दीर्घकाळ थांबावे लागणार नाही. पुढील हंगामात गावात जन्मणाऱ्या बालकांच्या वजनाची नोंदवहीच ते सांगेल.